दिवा लागला नव्हता

विनायक, सेन्सर आला.

तू गेल्यानंतर पंधराव्या दिवशी आला. सकाळी कुरिअरचा माणूस गुडघाभर बर्फातून वाट काढत डोंगरावरच्या आपल्या हिम-केंद्रापर्यंत चढला, टोपी झटकली, कागद पुढे केला आणि मी सही केली. तळहातावर मावेल एवढं खोकं. आत करंगळीएवढी धातूची नळी, तिला हातभर वायर. सोबत एक छापील चिठ्ठी: आपल्याला वाट पाहायला लावल्याबद्दल मनापासून क्षमस्व. मी शेडच्या दारातच खाली बसलो. कुरिअरवाला घाबरला. 'दाइजोबु देस का?', बरे आहात ना, असं दोनदा विचारलं त्याने. बरा आहे, म्हटलं. अठरा वर्षांत या देशात मी सगळ्यांत जास्त वेळा बोललेलं खोटं हेच असेल.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, असा निरोप तेराव्यालाच मिळाला होता. 'तुमच्याइतकं जवळचं इथे त्याला कोण होतं?' असं म्हणाले. तुझं शिक्षण, तुझे शोधनिबंध, जन्मगाव, ते सगळं संपादक चौकटीत देणार आहेत. ते बरंच आहे. मला त्यातलं काहीच लिहायचं नाही. तुला न सांगितलेली एकच गोष्ट आहे आणि ती आता तुझ्याबरोबर टोकियोच्या निशी-कसाईतल्या प्रत्येक मराठी घराला कळायला हवी. कारण त्या प्रत्येक घरात अपघाताचा तो अहवाल पोचलाय.

अहवालात तुझ्याबद्दल दोन वाक्यं आहेत. पहिलं: चालकाने इशारा-दिव्याकडे दुर्लक्ष केल्याचे दिसते. दुसरं: त्यानंतर चालक नियमाविरुद्ध यंत्र सोडून गेला.

दुर्लक्ष. तू!

अरे, तू फ्रीजचं दार लावलंस तरी त्याच्याकडे बोट दाखवून 'योशी!' म्हणायचास. ठीक आहे, पाहिलं, असं स्वतःलाच मोठ्याने सांगायचं. गॅसचा नॉब, योशी. खिडकीची कडी, योशी. कचऱ्याच्या दिवशी बाटल्यांची लेबलं सोलून, झाकणं वेगळी करून, त्या पिशवीलाही योशी. मेधा म्हणायची, 'लग्नात मंगळसूत्र घालून झाल्यावर बोट नाही दाखवलंस हे नशीब माझं.' आणि तू म्हणायचास, 'मनात म्हटलं होतं.'

ही सवय तुला भूकंपाने लावली. तेव्हा तू नुकताच आला होतास, पोस्टडॉकची पहिली दोन वर्षं. अर्धी भारतीय मंडळी मिळेल त्या विमानाने परत गेली होती आणि तूही बॅग भरून ठेवली होतीस. मग एका दुपारी मेट्रोच्या तोझाई लाइनवर जवळजवळ रिकाम्या गाडीत तू ड्रायव्हरच्या केबिनमागच्या काचेला चिकटून उभा राहिलास. गाड्या हळू धावत होत्या, जमीन अजून मधूनमधून हलत होती, आणि तो पांढऱ्या हातमोज्यांतला माणूस प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलत होता. बघायला कुणी नव्हतं, तरी बोलत होता. तू घरी आलास आणि बॅग रिकामी केलीस. 'त्या बोटावर माझा विश्वास बसला रे,' एवढंच कारण तू मला दिलंस. मी हसलो होतो. तुझ्या या असल्या गोष्टींना मी नेहमी हसायचो.

पुढे आपण दोघं एकाच कामावर आलो. भूकंपाने निइगाताच्या डोंगरउतारांना भेगा पाडल्या होत्या. तसल्या उतारांवर बर्फ कसं साठतं, कसं सरकतं ते मोजायचं. हिवाळाभर आठवडाआड दोघांनी वर केंद्रात राहायचं, मधल्या आठवड्यात शिनकान्सेन पकडून घरी जायचं. तुझं घर निशी-कसाईत, मेधा आणि लेक ईरा. माझी हिगाशी-कसाईतली एकट्याची खोली. ती खोली मला आठवडेच्या आठवडे दिसायची नाही, कारण स्टेशनवरूनच तू मला ओढून घरी न्यायचास. माझी आई गेली तेव्हा बर्फामुळे गाड्या बंद होत्या आणि मी वर अडकलो होतो. तू माझ्याशेजारी बसून मिकान, ती इथली छोटी संत्री, सोलत राहिलास. अख्खं खोकं सोललंस. सांत्वनाचा एक शब्द नाही. शेवटी म्हणालास, 'आता हे सगळं खायला लागेल.' आपण खाल्लं. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानायला हवे होते हे कळत होतं. पण मला असलं काही बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मला फक्त यंत्रं दुरुस्त करता येतात.

यंत्रं दुरुस्त करता येतात, हा माझा माज होता. साताऱ्यात वडिलांचं स्कूटरचं गॅरेज. फ्यूज उडाला की ते त्या जागी तांब्याची तार पिळून लावायचे आणि गाडी चालू. गिऱ्हाईक खूश. केंद्रातला पंप मी असाच चालू केला, हीटर असाच चालू केला, आणि आपले तंत्रज्ञ एन्दोसान, साठीचा माणूस, तीस वर्षं याच कामात, ते मला 'यंत्रांचे डॉक्टर' म्हणायला लागले. मला ते फार आवडायचं. तुला नाही आवडायचं.

'फ्यूज उडतो तो काहीतरी सांगायला उडतो,' तू म्हणायचास. 'तू त्याचं तोंड दाबतोस.'

'अख्खा भारत असाच चालतो रे.'

'चालतो. आणि मग एखाद्या घराला आग लागली की म्हणतो, शॉर्टसर्किट झालं.'

हा वाद आपण किती हिवाळे घातला? दर वेळी तो स्वयंपाकापर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा, कारण तुझ्या मते फोडणीत हिंग आधी घालायचा आणि माझ्या मते नंतर.

तर, सेन्सर.

आपल्या दोन स्नोमोबिल. ईरा त्यांना बर्फाच्या स्कूटर म्हणायची. एक एन्दोसानची जुनी, जी ओझं ओढायचं म्हटलं की धापा टाकायची. दुसरी नवी. नवीच्या एक्झॉस्टच्या नळीत तापमानाचा सेन्सर बसवलेला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय ते तो गाडीच्या कम्प्युटरला सांगतो. धूर फार तापला की समोर पिवळा दिवा लागतो, कम्प्युटर इंजिनाला आवरतं घेतो, इंजिन वाचतं. जानेवारीच्या शेवटी तो दिवा लागला आणि विझेना. गाडी बैलगाडीच्या वेगाने चालायला लागली. एन्दोसाननी टेस्टर लावला. इंजिन ठणठणीत होतं. हादऱ्यांनी सेन्सरची वायर मुळाशी तुटली होती. काही कळेनासं झाल्यामुळे कम्प्युटर भीतीने गाडीला पळू देत नव्हता. नवा सेन्सर यायला तीन आठवडे लागणार होते. तू लाल टॅग आणलास, 'वापर बंद' असं लिहिलेला, त्यावर तारीख घातलीस, स्वतःचं नाव घातलंस आणि हँडलला बांधलास. बोट दाखवलंस. योशी.

आणि त्याच आठवड्यात, बर्फ मोजायची यंत्रं लावलेल्या वरच्या खांबावरची बॅटरी उतरायला लागली. वीस किलोची नवी बॅटरी घसरगाडीवरून ओढत अडीच किलोमीटर चढावर न्यायची, हे जुन्या गाडीचं काम नव्हतं. बॅटरी मेली असती तर नोंद तुटली असती. भूकंपानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून सलग चालत आलेली नोंद, एकही तास न गाळलेली. माझी नोंद. हो, मी तिला माझी म्हणायचो. परिषदेत त्या आलेखाची न तुटलेली रेघ दाखवताना माझा आवाज बदलायचा म्हणे. तूच सांगितलंस.

'तुटू दे,' तू जेवताना म्हणालास. 'दोन आठवडे मोकळी जागा राहील.'

'तुला काय जातंय तुटू दे म्हणायला?'

'अरे, मोकळी जागासुद्धा खरी नोंदच असते, सुधीर. तिथे लिहायचं, यंत्र बंद होतं. त्यात लाज कसली?'

मी ताट उचलून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा मी शेडमध्ये गेलो. तुटक्या सेन्सरचा प्लग काढला आणि त्या जागी एक रेझिस्टर जोडला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. किती ओहमचा लावला की कम्प्युटरला सगळं आलबेल वाटतं, हे मला पाठ होतं. चावी फिरवली. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. इंजिन मोकळं झालं, छान आवाज आला. वडिलांना आवडला असता. मग मी तुझा लाल टॅग सोडला आणि खिशात घातला.

तू डोकं पुसत आलास. 'टॅग कुणी काढला?'

'मी. सेन्सर आला.'

'आला? तीन आठवडे म्हणाले होते.'

'कुठल्यातरी डेपोत एक शिल्लक होता म्हणे. कुरिअर आत्ता येऊन गेलं, तू आंघोळीला होतास.'

'बसवलास पण?'

'त्यात काय, दहा मिनिटांचं काम.'

विनायक, तू माझ्याकडे बघून हसलास. 'डॉक्टर आहात बाबा तुम्ही,' म्हणालास. मग गाडीभोवती फिरलास. पट्टा, योशी. ब्रेक, योशी. पेट्रोल, योशी. चावी फिरवलीस, दिवा लागून विझलेला पाहिलास, त्याच्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, योशी. मी तीन फुटांवर उभा होतो. तू एका खोट्या दिव्याला साक्ष ठेवत होतास आणि मी तुला थांबवलं नाही. मला वाटलं, एकदा वर जाऊन येईल, बॅटरी बदलेल, मग तीन आठवड्यांनी खरा सेन्सर गुपचूप बसवून टाकू. कुणाला काय कळतंय!

वरच्या खांबापर्यंत एकट्याने जायची मुभा होती, दर अर्ध्या तासाने रेडिओवर बोलायचं या अटीवर. तू अट पाळलीस. पोचलो. काम चालू आहे. झालं, निघतो. तेव्हा दोन वाजले होते आणि आभाळ पांढरं व्हायला लागलं होतं. दोन वीसला, वेळ नसताना, रेडिओ वाजला. खिंडीच्या चढावर इंजिन सीझ झालं होतं. तू म्हणालास, 'सुधीर, दिवा लागला नव्हता रे.'

पेट्रोलच्या फिल्टरमध्ये पाणी गोठलं होतं, हे कंपनीच्या तपासनिसाला नंतर सापडलं. पेट्रोल कमी पडलं, इंजिन आतून भाजत गेलं. सेन्सर असता तर दिवा लागला असता, इंजिनाने दम खाल्ला असता आणि तू थांबून बघितलं असतंस. माझा रेझिस्टर शेवटपर्यंत सांगत राहिला, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

आता पुढचं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

नियमाप्रमाणे मी लगेच खाली गावात एन्दोसानना फोन करायचा होता. ते बचाव पथकाला कळवणार, पथक वर येणार. मी फोन केला नाही. कारण पथक आलं असतं तर गाडीही खाली आली असती, कुणीतरी बॉनेट उघडलं असतं. मी तुला 'थांब तिथेच, मी येतो' म्हटलं आणि एन्दोसानची जुनी गाडी काढली. तुला मागे बसवून आणायचं, मग दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊन रेझिस्टर काढायचा, असा माझा हिशेब. खिंडीच्या खाली पोचलो तोवर हिमवादळ उतरलं. स्वतःचे हातमोजे दिसेनात. केंद्रातला रेडिओ टेबलावरचा, बरोबर नेता येणारा तुझ्याकडे होता. मी तिथल्या तिथे पुढे-मागे फिरत राहिलो. इंजिन एकदाही बंद केलं नाही. बंद पडलं तर पुन्हा चालू होणार नाही, ही भीती. एकदा बंद करून हाक मारली असती तर तू ओ दिली असतीस. तू दीडशे मीटरवर होतास, असं नंतर नकाशावर दिसलं.

केंद्रात परत आलो तेव्हा तीन वाजले होते. रेडिओवर तुझी ओ आली नाही. मग फोन केला. चाळीस मिनिटं, विनायक. पथक आलं तोवर चार वाजले होते, अंधारायला लागलं होतं आणि वारा इतका की त्यांना परत फिरावं लागलं. तू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलास, ओढ्याच्या घळीत. वरचं बर्फ तुझ्या वजनाने खाली बसलं होतं. तू गाडी सोडून पन्नास पावलं आला होतास. सगळ्यांनी मान हलवली, की गाडी सोडायला नको होती. पण मला दिशा माहीत आहे. मी जिथे फिरत होतो, त्याच दिशेला ती पन्नास पावलं होती. तू नियम मोडला नाहीस. तू माझ्या इंजिनाच्या आवाजाकडे येत होतास. मी आलोय असं समजून.

तुझी गाडी ओढून शेडमध्ये आणली तेव्हा सगळे बाहेर तुझ्यापाशी होते. मी बॉनेट उघडलं, रेझिस्टर काढला, तुटका सेन्सर परत जोडला. तुझा टॅग मात्र परत बांधला नाही. बांधला असता तर तूच बंद केलेली गाडी तूच का नेलीस, हा प्रश्न आला असता. चार दिवसांनी तपासनीस आला, त्याने चावी फिरवली. पिवळा दिवा लागला आणि विझला नाही. एन्दोसान म्हणाले, टॅग तर होता. मी म्हणालो, मला माहीत नाही. कम्प्युटरच्या स्मृतीत आठवड्यापूर्वीचा बिघाड नोंदलेला होताच. झालं. दिवा लागलेला असताना चालकाने गाडी नेली. दुर्लक्ष.

मी तुला मारायला निघालो नव्हतो. पण तुझ्यावर हे ढकललं ते मात्र शुद्धीवर असताना, दोन्ही हातांनी, पाना धरून.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. चपलांचा ढीग दारातून कॉरिडॉरमध्ये आला होता. फुनाबोरीहून कुणीतरी वरण-भात करून आणला होता. माणसं हळू आवाजात तेच बोलत होती. 'घाई केली असेल हो.' 'एवढा काटेकोर माणूस, पण वेळ आली की बुद्धी फिरते.' मी कोपऱ्यात पेपर प्लेट धरून बसलो होतो आणि मान हलवत होतो. मान हलवत होतो, ऐकतोयस ना? ईरा मेधाच्या मांडीला टेकून होती. नऊ वर्षांची पोर, आपण मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, ही नेहमीची गंमत. ती एकदम सगळ्यांकडे बघून मोठ्याने जपानीत म्हणाली, 'बाबाने बघितलं होतं. बाबा बघितल्याशिवाय जातच नाही.'

कुणीतरी 'हो बेटा' म्हणालं. कुणीतरी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने तो हात झटकला आणि माझ्याकडे बघितलं. 'सुधीरकाका, तू होतास ना तिथे?' हे मात्र मराठीत.

मी म्हणालो, 'मी आत होतो बाळा. मला दिसलं नाही.'

शेवटची गाडी वगैरे कारणं सांगून मी निघालो. वर आलो. दोन दिवसांनी ते खोकं आलं.

खोकं शेडमध्ये ठेवून मी तसाच खाली उतरलो आणि दुपारच्या शिनकान्सेनमध्ये बसलो. मेधाला फोन केला नाही, केला असता तर तिने 'या ना' म्हटलं असतं आणि मला ते ऐकवलं नसतं. ईरा शाळेतून यायची होती. मेधा तुझे स्वेटर घड्या करून खोक्यांत भरत होती. 'चहा टाकते,' म्हणाली. मी म्हटलं, नको, बस. आणि सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं, याच क्रमाने. ती बसली नाही. एक स्वेटर छातीशी धरून उभी होती, पूर्ण वेळ.

मग तिने विचारलं, 'रेडिओवर तो आणखी काय म्हणाला?'

मला वाटलं होतं, ती विचारेल का केलंत. त्याचं उत्तर मी गाडीत पाठ केलं होतं.

'सुधीरदादा, दिवा लागला नाही, एवढंच म्हणून थांबणारा माणूस नव्हता तो. आणखी काय म्हणाला?'

तर आणखी तू हे म्हणाला होतास. हे मी तपासनिसाला सांगितलं नाही, एन्दोसानना सांगितलं नाही. तू म्हणाला होतास, 'मी सगळं बघितलं होतं रे. माझं काही बघायचं राहिलं का?' आणि मी गप्प होतो. तू परत विचारलंस, 'सुधीर? माझंच काही राहिलं का?' आणि मी म्हटलं, 'ते नंतर बघू. थांब तिथेच.'

मेधाने स्वेटर खाली ठेवला. खिडकीकडे तोंड केलं. रडली नाही. बोलली तेव्हा आवाज ऑफिसमधल्या मीटिंगसारखा होता. 'अहवालासाठी जपानीत लिहून द्या. सहीनिशी. आणि मंडळाने श्रद्धांजली मागितलीय ना तुमच्याकडे? तिथे मराठीत लिहा. ज्यांनी ज्यांनी इथे बसून माना हलवल्या त्यांनी वाचलं पाहिजे.'

'लिहितो.'

'पण आधी त्याला सांगा. तो विचारत गेलाय.' मग ती दारापर्यंत आली, दार उघडलं. 'ईरा यायच्या आत जा. तिला मी सांगेन. तुम्ही नाही. आणि दादा म्हणून मी आता हाक मारणार नाही, समजून घ्या.'

समजून घेतलं. त्या घराची घंटा मी पुन्हा वाजवणार नाही.

जपानीत लिहायला सोपं गेलं, विनायक. तिथे वेळा आणि क्रिया लिहायच्या असतात. चार पानं झाली. एन्दोसाननी ती शेडमध्ये उभ्याउभ्या वाचली, मग पहिल्यापासून परत वाचली. मी वाकून उभा होतो. मला वाटलं, ओरडतील, निदान काहीतरी फेकतील. त्यांनी शेडची किल्ली मागितली. मी दिली. किल्ली खिशात घालत ते इतकंच म्हणाले, 'तो रोज सकाळी मला फोन करून तपासणीची यादी वाचून दाखवायचा. त्या दिवशीही वाचली होती. मी ते तपासनिसाला सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. आता लिहितील.' आणि पाठ फिरवून बर्फ काढायला गेले. फावड्याचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

पुढच्या आठवड्यात मला चौकशी समितीसमोर बोलावलंय. पोलीसही असतील. व्हायचं ते होईल, त्याबद्दल मला आत काहीच वाटत नाही आणि ते न वाटणं ही शिक्षेहून वाईट गोष्ट आहे. वरच्या खांबावरून आकडे येतायत. तू बसवलेली बॅटरी उत्तम चालली आहे. रेघ कुठेही तुटलेली नाही. मी कालपासून संगणक उघडलेला नाही. ती रेघ मला बघवत नाही.

क्षमा मागायला मी हे लिहीत नाहीये. ती द्यायला तू नाहीस आणि इतर कुणी ती देऊ नये. ज्यांनी हे वाचलं त्यांनी तुझ्याबद्दल 'दुर्लक्ष' हा शब्द पुन्हा उच्चारू नये, एवढंच मागायचंय. आणि तुला उत्तर द्यायचंय. फार उशिरा, जिथे ते पोचत नाही तिथे.

नाही, विनायक. तुझं काही राहिलं नव्हतं. तू सगळं बघितलं होतंस.